मातीतली रेघ आणि मदनमोहनाची तोफ

चित्र म्हटले की कागद, भिंत अथवा वस्त्र डोळ्यांपुढे येते. बंगालमधील विष्णुपूर येथे मात्र ते भाजलेल्या मातीत उमटले आहे. कोरीव कामाजोगा दगड त्या प्रांतात दुर्मिळ, गाळाची माती विपुल. म्हणून मल्ल राजांच्या कारागिरांनी ओल्या मातीच्या फरशांवर आकृती कोरल्या, त्या भट्टीत भाजल्या आणि देवळांच्या भिंतींत ओळीने बसविल्या. इ. स. १६४३ च्या श्यामराय मंदिरात वर्तुळाकार रासमंडळ आहे. त्याचा उठाव इतका अल्प, की गोपींचे डोळे व वस्त्रांच्या चुण्या लेखणीनेच रेखाटल्या आहेत, असा भास व्हावा. १६५५ च्या जोडबांगला मंदिरात शरपंजरी पडलेले भीष्म दिसतात.

येथील १६९४ च्या मदनमोहन मंदिराशी आम्हां मराठी जनांचा एक अप्रिय संबंध आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले. मराठी फौज विष्णुपुरासही भिडली. राजा गोपालसिंहाने प्रजेस नामस्मरणाची आज्ञा केली आणि मदनमोहनाने स्वतः दलमादल तोफ डागून आम्हांस पिटाळले, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. ती तोफ आजही तेथे आहे.

आमच्या स्वाऱ्यांचा अभिमान आम्ही बाळगतो. ज्यांनी त्या सोसल्या, त्यांची आठवणही आम्ही ऐकली पाहिजे. ज्या कृष्णाला आम्ही भजतो, तोच त्या मातीत रेखाटलेला आहे. विष्णुपुरास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूने तेथे हात जोडताना एवढे स्मरावे.