गाडीतल्या साक्षीदाराची उलटतपासणी

डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो आणि आपण गॅरेज गाठतो. मेस्त्री बॉनेट उघडतच नाही. स्टिअरिंगखाली हात घालून तो सोळा पिनांचं एक सॉकेट शोधतो, त्याला स्कॅनर लावतो आणि वाचून दाखवतो : ‘पी०४२०’. आमच्या तरुणपणी मेस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून आणि धुराचा रंग बघून दोष सांगायचा. आता गाडी स्वतःच बोलते. तिला बोलतं कोणी केलं आणि तिचं बोलणं कितपत खरं मानायचं, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसच्या धुरक्यात. १९४३ च्या उन्हाळ्यात या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरलं. ते येतं कुठून, हे १९५० च्या दशकात आरी हागन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं : गाड्या आणि तेलशुद्धीकरण यांतून सुटणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होते आणि धुरकं तयार होतं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियानं हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केलं, त्याचे पहिले अध्यक्ष हेच गृहस्थ. पुढे नियम कडक झाले आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पण त्याची एक अट होती. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, हे प्रमाण सतत सांभाळायला हवं. जुन्या कार्ब्युरेटरला ते एकट्यानं जमेना. म्हणून ऑक्सिजन सेन्सर आला आणि त्याचं म्हणणं ऐकून इंधन कमी-जास्त करणारा छोटा संगणकही आला. म्हणजे बघा, हा संगणक गाडीत घट्ट बसला तो मुख्यतः धुरामुळे.

१९८१ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये या संगणकाशी बोलायची पद्धत मोठी गमतीची होती. सॉकेटच्या दोन ठरावीक पिना कागदाच्या क्लिपनं जोडायच्या की दिवा लुकलुकायचा. एकदा, मग थांबून दोनदा : कोड १२. अर्थ एवढाच की तपासणीची यंत्रणा शुद्धीवर आहे. त्यापुढे दोषांचे आकडे यायचे.

पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, भाषा वेगळी. कॅलिफोर्नियानं १९८८ पासून गाडीनं स्वतःची तपासणी करणं सक्तीचं केलं, तरी हा गोंधळ मिटला नाही. अखेर १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारगाडीला एकच सोळा पिनांचं सॉकेट आणि धुराशी संबंधित दोषांचे समान कोड आले. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीलाही ते वाचता येऊ लागले. मात्र ही खिडकी धुरापुरतीच उघडली होती. ब्रेक, एअरबॅग, दारांची कुलुपं सांभाळणारी मोड्यूल्स कंपनीच्याच भाषेत बोलत राहिली. म्हणून २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा सुमारे ८६ टक्के मतांनी मंजूर केला. गाडी विकत घेतली आमची, मग तिचं दुखणं आम्हांला का कळू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

आता कळण्याकडे येऊ. न्यायदर्शनात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे पर्वतावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. कोड हा तसाच धूर आहे. पी०४२० एवढंच म्हणतो की कन्व्हर्टरचं काम अपेक्षेपेक्षा कमी दिसतंय. ‘कन्व्हर्टर बदला’ असं तो म्हणत नाही. आमच्याच गाडीला हा कोड आला, तेव्हा एका ठिकाणी कन्व्हर्टर बदलायला सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही गप्प घरी आलो. दुसऱ्या मेस्त्रीनं गाडी वर उचलून पाइपावरून हात फिरवला. सेन्सरजवळच्या जोडावर बारीक चीर होती. वेल्डिंग झालं. तो म्हणाला, “सर, कोड पुसला म्हणजे फक्त पाटी पुसली. आठ दिवस चालवा, दिवा परत आला नाही तरच दोष गेला समजा.” तर्कशास्त्र शिकवण्यात आमचा जन्म गेला, पण हेत्वाभास त्यानं अधिक सोपा करून सांगितला.

इथवर साक्षीदार प्रामाणिक आहे, असं आपण धरून चाललो. २०१५ नं तेही सोडवलं नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅनियल कार्डर यांच्या गटानं डिझेल गाड्यांच्या मागे मोजणीची यंत्रं बसवून त्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेल्या फोक्सवॅगन गाड्या रस्त्यावर भलताच धूर सोडत होत्या. त्यांच्या संगणकातला प्रोग्राम स्टिअरिंगची स्थिती, वेग, चालण्याचा अवधी यांवरून ओळखायचा की आत्ता परीक्षा चालू आहे, आणि तेवढ्यापुरता सज्जन व्हायचा. एरवी नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हा प्रोग्राम असल्याचं कंपनीनं कबूल केलं.

न्यायपरंपरेत शब्दाला प्रमाण मानलं आहे, पण तो आप्ताचा शब्द असेल तर. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी कळली आहे आणि ती तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. गाडीच्या संगणकाकडे पहिला गुण भरपूर आहे. दुसरा त्याचा स्वतःचा नसतोच, तो प्रोग्राम लिहिणाऱ्याकडून येतो.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि २०२३ पासून नव्या गाड्यांचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावरही तपासला जाऊ लागला. हा बदल योग्य दिशेचा आहे, कारण इथे गाडीचा शब्द बाहेरच्या मोजणीशी ताडून पाहिला जातो. आपणही गॅरेजात तेच करावं. कोड लिहून घ्यावा, ‘कशावरून?’ असं विचारावं आणि कोणीतरी पाइपावरून हात फिरवल्याशिवाय पैसे काढू नयेत.