‘व्हाइट अल्बम’ची फेरमांडणी : तीस गाण्यांच्या क्रमाचा वाद

‘द बीटल्स’ या ब्रिटिश रॉक समूहाचा दुहेरी अल्बम २२ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रकाशित झाला. अल्बमला समूहाचेच नाव दिलेले होते. मात्र कोऱ्या पांढऱ्या वेष्टनामुळे तो ‘व्हाइट अल्बम’ या नावानेच जगभर ओळखला जातो. त्यातील ३० गाण्यांपैकी कोणती ठेवावीत, कोणती वगळावीत आणि उरलेली कोणत्या क्रमाने ऐकावीत, हा प्रश्न रसिकांमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ चर्चिला जात आहे. या चर्चेतून चाहत्यांनी अल्बमचा स्वतःचा क्रम तयार करण्याची प्रथा रूढ झाली.

पार्श्वभूमी

या अल्बमचा भारताशी निकटचा संबंध आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार हे चौघे महर्षी महेश योगी यांच्या हृषीकेश येथील आश्रमात भावातीत ध्यानाच्या शिक्षणासाठी दाखल झाले. स्टार काही दिवसांतच परतले, मॅकार्टनी मार्चअखेर गेले, तर लेनन आणि हॅरिसन एप्रिलपर्यंत राहिले. या मुक्कामात त्यांनी मोठ्या संख्येने गाणी रचली. ‘डिअर प्रुडन्स’ हे गाणे ध्यानात मग्न राहून खोलीबाहेर न येणाऱ्या प्रुडन्स फॅरो या साधिकेला उद्देशून आहे. ‘बंगलो बिल’च्या मुळाशी आश्रमातून निघालेल्या एका वाघाच्या शिकारीचा प्रसंग आहे, तर ‘सेक्सी सेडी’मागे महर्षींविषयी लेनन यांचा झालेला भ्रमनिरास आहे. आश्रमाची ही जागा आज राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असून २०१५ पासून ती पर्यटकांसाठी खुली आहे.

इंग्लंडमध्ये परतल्यावर मे १९६८ मध्ये हॅरिसन यांच्या ईशर येथील घरी या गाण्यांचे कच्चे ध्वनिमुद्रण करण्यात आले. त्यांपैकी २७ मुद्रणे अल्बमच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत, २०१८ मध्ये, अधिकृतपणे प्रकाशित झाली. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण लंडनमध्ये ३० मे रोजी सुरू होऊन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालले.

मतभेदांचे स्वरूप

ध्वनिमुद्रणाच्या काळात समूहात तणाव वाढला होता. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी जुलैमध्ये काम सोडले. ऑगस्टमध्ये खुद्द रिंगो स्टार सुमारे दोन आठवडे समूहाबाहेर राहिले. परिणामी अल्बमच्या प्रारंभीच्या ‘बॅक इन द यूएसएसआर’ व ‘डिअर प्रुडन्स’ या दोन्ही गाण्यांत समूहाचा ड्रमवादकच नाही.

निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मते निवडक गाण्यांचा एकच उत्कृष्ट अल्बम काढणे श्रेयस्कर होते. स्टार यांनी पुढे दोन स्वतंत्र अल्बमांची कल्पना मांडली. मॅकार्टनी यांनी मात्र १९९५ मधील ‘अँथॉलॉजी’ या माहितीपट मालिकेत अल्बमची ठाम पाठराखण केली.

समीक्षकांतही एकमत नव्हते. लंडनच्या ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये टोनी पामर यांनी लेनन-मॅकार्टनी यांची तुलना शूबर्ट या थोर संगीतकाराशी केली, तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये निक कोन यांनी अल्बम अत्यंत कंटाळवाणा ठरवला. एकाच अल्बममध्ये ब्लूज, ग्रामीण अमेरिकी ढंगाचे गाणे, जुन्या नाट्यगृहांतील लकबीचे गीत, कर्णकर्कश रॉक आणि ‘रेव्होल्यूशन ९’ ही ध्वनींच्या तुकड्यांची आठ मिनिटांहून मोठी जुळणी एकत्र आल्याने श्रोते विभागले गेले.

मूळ क्रम कसा ठरला

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी संपलेल्या सुमारे २४ तासांच्या सलग बैठकीत लेनन, मॅकार्टनी व मार्टिन यांनी गाण्यांचा अंतिम क्रम लावला. हॅरिसन त्या वेळी अमेरिकेला रवाना झाले होते व स्टार सुटीवर होते.

या क्रमामागे काही नियम स्पष्ट दिसतात. प्रत्येक बाजूला हॅरिसन यांचे एक गाणे आहे. कोणत्याही एका रचनाकाराची दोनपेक्षा अधिक गाणी सहसा लागोपाठ येत नाहीत. ‘ब्लॅकबर्ड’, ‘पिगीज’ आणि ‘रॉकी रकून’ ही शीर्षकात पशुपक्षी असलेली तीन गाणी दुसऱ्या बाजूवर सलग ठेवली आहेत. जोरकस रॉक गाण्यांचा भर तिसऱ्या बाजूवर आहे. तेथे ‘हेल्टर स्केल्टर’च्या गदारोळानंतर लगेच ‘लाँग, लाँग, लाँग’ हे जेमतेम ऐकू येणारे गाणे सुरू होते.

एलपी तबकडीच्या तांत्रिक मर्यादाही क्रमावर परिणाम करीत असत. या अल्बमच्या चारही बाजू प्रत्येकी २२ ते २५ मिनिटांच्या आहेत. तबकडीच्या फेऱ्यांचा वेग कायम असतो. परंतु सुई मध्याकडे सरकते तसा खाचेचा घेर लहान होत जातो व त्याच अवधीत सुईखालून कमी लांबीची खाच जाते. त्यामुळे बाजूच्या अखेरीस उंच स्वरांची स्पष्टता घटते आणि मोठ्या आवाजात दोष जाणवू लागतो. म्हणून शेवटी शांत गाणे ठेवण्याकडे निर्मात्यांचा कल असे. ‘व्हाइट अल्बम’च्या चारपैकी तीन बाजू ‘ज्युलिया’, ‘लाँग, लाँग, लाँग’ व ‘गुड नाइट’ या मंद गाण्यांनी संपतात.

फेरमांडणीचे प्रकार

चाहत्यांच्या फेरमांडणीचे ढोबळमानाने चार प्रकार आढळतात.

पहिला व सर्वाधिक प्रचलित प्रकार म्हणजे मार्टिन यांच्या इच्छेनुसार एकच तबकडी तयार करणे. साधारण १४ गाणी व सुमारे ४५ मिनिटे ही मर्यादा पाळली जाते. ‘वाइल्ड हनी पाय’सारख्या त्रोटक रचना व ‘रेव्होल्यूशन ९’ यांवर बहुधा प्रथम काट मारली जाते. मात्र पहिली दहा गाणी निवडून झाल्यावर उरलेल्या जागांसाठी एकाची यादी दुसऱ्याच्या यादीशी क्वचितच जुळते.

दुसरा प्रकार विभाजनाचा आहे. शांत, तंतुवाद्यप्रधान गाणी एका तबकडीवर व विद्युत गिटारची गाणी दुसऱ्या तबकडीवर, किंवा लेनन व मॅकार्टनी यांची गाणी स्वतंत्रपणे लावली जातात.

तिसऱ्या प्रकारात गाणी ध्वनिमुद्रणाच्या कालक्रमानुसार लावतात. ३० मे रोजी हाती घेतलेले ‘रेव्होल्यूशन १’ आरंभी येते आणि १३ ऑक्टोबर रोजी लेनन यांनी एकट्याने गायलेले ‘ज्युलिया’ शेवटी. या क्रमात अल्बम समूहाच्या विघटनाच्या दैनंदिनीसारखा भासतो.

चौथ्या प्रकारात त्याच उन्हाळ्यात मुद्रित झालेली, परंतु अल्बमबाहेर राहिलेली गाणी समाविष्ट केली जातात. ऑगस्ट १९६८ मध्ये स्वतंत्रपणे प्रकाशित झालेले ‘हे जूड’ व त्यामागील वेगवान ‘रेव्होल्यूशन’ यांना येथे स्थान मिळते. हॅरिसन यांचे ‘नॉट गिल्टी’ असंख्य प्रयत्नांनंतर बाजूला ठेवण्यात आले होते. ते १९९६ मध्ये ‘अँथॉलॉजी ३’द्वारे उपलब्ध झाल्यावर तेही याद्यांत येऊ लागले.

गाण्यांमधील सांधे

फेरमांडणी करणाऱ्यांपुढील मुख्य अडचण अशी की, या अल्बममध्ये अनेक गाण्यांदरम्यान शांत अंतर ठेवलेले नाही. पहिल्या गाण्यातील विमानाचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या आरंभात विरतो. ‘बंगलो बिल’ संपताच क्षणाचीही उसंत न देता ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ सुरू होते. ‘क्राय बेबी क्राय’नंतर मॅकार्टनी यांच्या स्वरातील एक शीर्षकहीन तुकडा येतो आणि त्यातून श्रोता ‘रेव्होल्यूशन ९’कडे नेला जातो. ‘रेव्होल्यूशन ९’ वगळल्यास हा तुकडा अधांतरी राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कोलाहलानंतर स्टार यांच्या आवाजातील ‘गुड नाइट’ या अंगाईला येणारा दिलासा नाहीसा होतो आणि ते केवळ एक गोडसर गाणे उरते.

हॅरिसन यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. दुहेरी अल्बममुळे त्यांना चार गाण्यांची जागा मिळाली. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स’मध्ये त्यांचे एकच गाणे होते. एकाच तबकडीचा निर्णय झाला असता, तर त्यांच्या वाट्याला पुन्हा एखाददुसरेच गाणे आले असते. अनेक चाहत्यांच्या संक्षिप्त याद्यांत नेमके हेच घडते. वगळण्याचा निर्णय केवळ संगीताचा नसून समूहातील वाटपाचाही होता, हे त्यावरून लक्षात येते.

अधिकृत फेरमांडण्या

मूळ क्रम बदलण्याचे काम केवळ चाहत्यांनीच केले असे नाही. १९६९ च्या आरंभी ‘व्हाइट अल्बम’ दोन कॅसेटींच्या स्वरूपात आला, तेव्हा दोन्ही बाजूंची लांबी समान राहावी म्हणून कंपनीनेच गाण्यांचा क्रम बदलला होता. त्या कॅसेटी ऐकत आलेल्या श्रोत्यांसाठी तोच क्रम सवयीचा ठरला.

याच समूहाचा मे १९७० मधील ‘लेट इट बी’ हा अल्बम निर्माते फिल स्पेक्टर यांनी चढवलेल्या वाद्यवृंदाच्या साजामुळे वादग्रस्त ठरला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये ‘लेट इट बी... नेकेड’ या नावाने त्याची नवी आवृत्ती निघाली. तीत साज उतरवण्यात आला, ‘मॅगी मे’ व ‘डिग इट’ वगळण्यात आली, ‘डोन्ट लेट मी डाउन’ समाविष्ट झाले आणि क्रम पूर्णतः बदलला.

अमेरिकेतील ‘द बीच बॉइज’ या समूहाचा ‘स्माइल’ हा अल्बम १९६७ मध्ये अपूर्णावस्थेत सोडून देण्यात आला. त्यामुळे त्याला अधिकृत क्रमच नव्हता. अनधिकृत मार्गाने हाती आलेल्या तुकड्यांतून चाहते अनेक वर्षे आपापला ‘स्माइल’ जोडत राहिले. अखेर ब्रायन विल्सन यांनी २००४ मध्ये तो नव्याने ध्वनिमुद्रित केला. २०११ मध्ये मूळ मुद्रणे प्रकाशित करताना त्याच क्रमाचा आधार घेण्यात आला.

क्रम आणि श्रोता

गाण्यांच्या क्रमाचे महत्त्व मराठी रसिकांना अपरिचित नाही. शास्त्रीय गायनाच्या मैफिलीत विलंबित ख्यालापासून द्रुत बंदिशीकडे जाणारी वाट आणि अखेरची भैरवी हा संकेत सर्वपरिचित आहे. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाले. त्यातील ५६ गीतांचा क्रम कथेनेच बांधलेला आहे. ‘व्हाइट अल्बम’ला असे कथासूत्र नाही. त्यामुळेच त्याची गाणी हलवता येतील असे श्रोत्यांना वाटत आले.

फेरमांडणीची साधने काळानुसार बदलली. तबकडीच्या काळात क्रम बदलायचा तर सुई उचलून ठेवावी लागे. कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून घेण्याची सोय झाल्यावर श्रोत्याचा क्रम प्रथमच टिकाऊ स्वरूपात उतरला. १९८७ मध्ये हा अल्बम सीडीवर आल्यावर गाणी क्रमांकाने निवडता येऊ लागली आणि पुढे संगणक व मोबाइलवर यादी बदलणे काही क्षणांचे काम झाले. या सुलभतेची दुसरी बाजूही समोर आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका अडेल यांच्या विनंतीनंतर ‘स्पॉटिफाय’ने अल्बममधील गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारे बटण प्रमुख जागेवरून हटवले. कलाकाराने लावलेला क्रम आधी ऐकला जावा, ही त्यामागील भूमिका होती.

‘व्हाइट अल्बम’ची सर्वमान्य संक्षिप्त आवृत्ती आजवर तयार होऊ शकलेली नाही. ज्या गाण्याला एक श्रोता अनावश्यक ठरवतो, तेच दुसऱ्याच्या यादीत अग्रस्थानी असते. मार्टिन यांचा आक्षेप मान्य करणारे श्रोतेही आपली यादी पूर्ण करताना कोणत्या ना कोणत्या गाण्यापाशी अडतात. वगळण्याजोगी गाणी कोणती यावर एकमत होत नाही, तोवर ३० गाण्यांचा मूळ क्रमच सर्वांना समान आधार देणारा ठरतो.