क्युरेटर नेमकं काय करतो? भायखळ्याच्या संग्रहालयातून समजून घेऊया

भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिलं. एकोणिसाव्या शतकात त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात तो तुटला. पुढे तुकडे जोडून तो इथे उभा करण्यात आला.

आता या हत्तीसाठी पाटी लिहायची आहे. 'घारापुरीचं प्राचीन शिल्प' एवढंच लिहायचं, की तो कसा तुटला हेही सांगायचं? असे निर्णय घेणं हेच क्युरेटरचं काम.

क्युरेटर म्हणजे कोण?

मराठीत क्युरेटरला 'अभिरक्षक' म्हणतात, म्हणजे वस्तूंची राखण करणारा. पण आज क्युरेटरचं काम जपणुकीपुरतं राहिलेलं नाही. कोणती वस्तू मांडायची, कशाशेजारी मांडायची आणि तिची गोष्ट कुणाच्या बाजूने सांगायची, हेही तो ठरवतो.

संग्रहालयाची गोष्ट काय आहे?

मुंबईतलं हे सर्वात जुनं संग्रहालय 1872 मध्ये 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' या नावाने लोकांसाठी खुलं झालं. ते उभारण्यासाठी धडपडणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव त्याला 1975 मध्ये देण्यात आलं. पुढे इमारतीची दुरवस्था झाली. मुंबई महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. त्याला 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा सुरू झालं.

जुन्या कपाटांशेजारी नवी कला कशाला?

इथल्या काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. वेगवेगळ्या समाजांचे, व्यवसायांचे लोक त्यांत दिसतात. त्यांतली कारागिरी अप्रतिम आहे, पण माणसांना 'नमुने' म्हणून वर्गात बसवणारी वसाहतकाळाची नजरही त्यांत आहे.

संग्रहालयाच्या तत्कालीन संचालक तस्नीम झकारिया मेहता यांनी आजच्या कलाकारांना या संग्रहाला प्रतिसाद देण्यासाठी बोलावलं. 2011 मध्ये जितीश कल्लाट यांचं प्रदर्शन इथे झालं. त्यात रस्त्यावरच्या हाणामारीत सापडलेल्या माणसांच्या छोट्या, रंगवलेल्या मूर्ती होत्या. कपाटातली माणसं शिस्तीत उभी, तर कल्लाट यांची माणसं एकमेकांवर धावून जाणारी. दोन्ही एकाच इमारतीत पाहिल्यावर कपाटातली शांतता कुणी ठरवली, असा प्रश्न पडतो.

मग लोकांशी संवाद का लागतो?

हे महापालिकेचं संग्रहालय आहे. बागेत प्राणी पाहायला आलेली कुटुंबं इथेही डोकावतात. त्यातल्या अनेकांना समकालीन कला 'आपल्यासाठी नाही' असं वाटू शकतं. म्हणून प्रदर्शनासोबत व्याख्यानं, मुलांच्या कार्यशाळा आणि वस्तू समजावून सांगणाऱ्या फेऱ्या महत्त्वाच्या ठरतात. तिथे प्रेक्षकही बोलतो आणि क्युरेटरच्या मांडणीला हरकत घेऊ शकतो.

असा वाद मुंबईला नवा नाही. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा 1965 मध्ये फोर्टमधून हलवला गेला आणि राणीच्या बागेत आला. चौकाचं 'काळा घोडा' हे नाव मात्र लोकांनी सोडलं नाही. 2017 मध्ये तिथे पुन्हा घोडा बसवला गेला, पण या वेळी त्याच्यावर स्वार नाही. राजा नको, घोडा हवा: वारशातलं काय ठेवायचं, याचं हे मुंबईने दिलेलं उत्तर आहे.