खापर, कुपी आणि नावाची भूल

कपाशीच्या मुलखात वसलेल्या धाड गावाचा द्राक्षमद्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज उभा राहील. बुलढाणा तालुक्यातील हे गाव विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवर आहे. येथून पुढे जालना जिल्हा सुरू होतो आणि भोकरदन लागते. हे भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या नगराचा उल्लेख आहे. पैठण आणि उज्जैन यांना जोडणारा व्यापारी मार्ग याच भागातून जात असे. त्या मार्गाने जो माल येई-जाई, त्यात मद्यही होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ ही सागरी वाटांची माहितीवही लिहिली. भडोच बंदरात कोणता माल खपतो हे सांगताना त्याने प्रथम मद्याचे नाव घेतले आहे. विशेष म्हणजे त्याने मद्याचे प्रदेशही वेगळे नोंदले आहेत : इटलीच्या मद्याला अधिक मागणी, त्याखेरीज सिरियातील लावदिकियाचे आणि अरबस्तानचे. राजासाठी उंची मद्य आणावे लागे, हेही तो नमूद करतो. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, अशी अंतरे तो देतो. निरनिराळ्या प्रदेशांच्या मद्यांतील भेद जाणणारे गिऱ्हाईक दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या बाजूला होते, असा याचा अर्थ होतो.

ते मद्य केव्हाच संपले. खापरे तेवढी उरली. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाचे उत्खनन केले. तेथे भूमध्य सागराकडील दोन कानांच्या उंच कुंभांचे तुकडे मिळाले. पुढे पश्चिम भारतात अनेक ठिकाणी असे तुकडे सापडले आणि त्या सर्वांवर ‘रोमन’ अशी चिठ्ठी लागली. रोबर्टा टोंबर या विदुषीने ती चिठ्ठी बाजूला ठेवून मातीच पुन्हा तपासली. इटलीतील कांपानिया प्रांताच्या कुंभांच्या मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण दिसतात. काही तुकड्यांत ते होते. पण ‘रोमन’ म्हणून गणलेले बरेच तुकडे मेसोपोटेमियाकडील निघाले. आतून डांबराचा लेप दिलेले ते बिनकानांचे लांबट कुंभ होते. रोमचे नाव मोठे म्हणून मेसोपोटेमियाचा वाटा आपण रोमच्या खात्यावर लिहिला होता.

१९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची कथाही अशीच आहे. प्रथम तिचे मूळ उत्तरेत मथुरेकडे मानले गेले. पुढे तेर आणि भोकरदन येथे तशाच घडणीच्या मूर्ती मिळाल्या, तेव्हा अभ्यासकांची दृष्टी दख्खनकडे वळली. धाडच्या शेजारच्या गावाचा हात कदाचित त्या कलाकृतीला लागला असेल. पण मोठ्या नावांच्या गर्दीत त्या गावाकडे कोण पाहणार?

नावाची ही भूल मद्याच्या बाबतीत तर फारच जुनी आहे. इसवी सनापूर्वी १२१ या वर्षीचे मद्य रोमन लोक अपूर्व मानीत. प्लिनी सांगतो, की सुमारे दोनशे वर्षांनी ते आटून कडवट मधासारखे झाले होते. तरीही त्याची प्रतिष्ठा मात्र आटली नव्हती. तांबड्या मद्याला वय मानवते हे खरे. कोवळेपणी जिभेला ओढणारा तुरटपणा हळूहळू निवतो, जांभळट लाली विटकरी होते, तळाशी गाळ बसतो आणि ताज्या फळांच्या वासाच्या जागी सुकलेली पाने, कातडे, ओली माती यांची आठवण देणारा गंध येतो. पण प्रत्येक मद्य असे पिकत नाही. पुष्कळसे नुसतेच म्हातारे होते. कोणते पिकले आणि कोणते ढळले, हे बाटलीवरचे नाव सांगत नाही. म्हणून परीक्षक बाटल्या झाकतात, त्यांना क्रमांक देतात, सारख्या पेल्यांत थोडे थोडे ओततात आणि एकमेकांशी न बोलता गुण लिहितात.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज व्यापाऱ्याने अशी परीक्षा घेतली. तांबड्या मद्यांत बोर्दोची चार आणि कॅलिफोर्नियाची सहा होती. ज्यांचे गुण धरले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच. पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या ‘स्टॅग्ज लीप’ला मिळाला, तोही अगदी थोड्या फरकाने. तेव्हा फ्रान्सच्या बाजूने सांगितले गेले, की आमचे मद्य सावकाश पिकते, खरा निकाल काळ देईल. काळाने तोही दिला. २००६ मध्ये त्याच मद्यांची लंडन आणि कॅलिफोर्निया येथे पुन्हा परीक्षा झाली. तोवर ती तीस वर्षांहून अधिक जुनी झाली होती. या वेळी १९७१ चे ‘रिज माँटे बेलो’ पहिले आले आणि पहिली पाचही स्थाने कॅलिफोर्नियाला गेली.

यातून फ्रान्सची द्राक्षे हलकी ठरत नाहीत. ठरते ते इतकेच, की नाव ही चवीची साक्ष नव्हे. आपल्याकडे १९८० च्या दशकात नारायणगावला आणि १९९० च्या दशकाअखेर नाशिकला या धंद्याने नवे मूळ धरले. २००१ मध्ये राज्य शासनाने त्यासाठी धोरण आखले. दख्खनच्या उष्ण हवेत वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि मद्याची द्राक्षे हिवाळ्याअखेर खुडली जातात. त्या मद्याचे ‘देशी’ म्हणून नाक मुरडणे जितके चूक, तितकेच ‘आपले’ म्हणून कौतुक करणे चूक. कुपी झाकावी आणि मग बोलावे.

मद्याने कित्येक घरांची राख केली आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. आमचा विषय पिण्याचा नसून पारखण्याचा आहे. काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला तेव्हा तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. योहान हे मुद्दाम सांगतो. ठाऊक नव्हते म्हणूनच त्याचा निर्वाळा निर्भेळ ठरला. ख्रिस्तसभेचा १९८३ चा कायदाही मिस्साच्या द्राक्षारसाबद्दल एवढेच मागतो : तो नैसर्गिक असावा, द्राक्षांचाच असावा आणि बिघडलेला नसावा. प्रदेश तो विचारत नाही. आपण मात्र दारी आलेल्या माणसाचे आधी आडनाव विचारतो, मग गाव, आणि त्या दोन शब्दांत त्याची पारख उरकतो. वेदीवरच्या चषकाला जो न्याय लावला जातो, तो चषकाभोवती जमणाऱ्या माणसांनाही लाभायला हवा.