गिटार आणि शिसव

परदेशी घेतलेली मौल्यवान इलेक्ट्रिक गिटार मायदेशी आणणाऱ्यास चिंता असते ती जकातीची, लाकडाची क्वचितच. वास्तविक तिच्या मानेवरील, बोटे फिरतात ती पट्टी पुष्कळदा शिसवाची असते. ब्राझीलचा शिसव बेसुमार तोडीने विरळ झाला. वाद्यनिर्माते आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या जातीकडे वळले. साइटिस करारान्वये १९९२ साली ब्राझीलच्या शिसवाच्या व्यापारावर बंदी आली. २ जानेवारी २०१७ पासून शिसवकुळातील इतर सर्व जातींच्या सीमापार व्यापारासही परवाना आवश्यक ठरला. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला मात्र नाही. म्हणून जुने वाद्य घेताना लाकडाची जात विचारावी, कागदपत्रे जपावीत. सुरांचे मोल मोजताना झाडाचेही ऋण स्मरावे, असे आम्हांस वाटते.