थरथरणारे पाते आणि गाणारी तार : खराब कापाच्या निदानाचा इतिहास

दरवर्षी २८ फेब्रुवारीला देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, तो १९२८ साली जाहीर झालेल्या रामन परिणामाच्या स्मरणार्थ. त्या शोधाच्या दहा वर्षे आधी, कोलकात्यातील त्याच इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी व्हायोलिनच्या तारेवर केलेले काम मात्र फारसे आठवले जात नाही. ते आठवण्याचे निमित्त आज एखादा फर्निचरचा कारखाना किंवा महाविद्यालयाची कार्यशाळाही देऊ शकते. तेथे सीएनसी राउटरवर कापलेल्या कडेवर लाटांसारखे वळ उठले, की पहिला संशय बोथट बिटावर जातो. पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु नवे बिट लावूनही वळ तसेच राहतात आणि यंत्र किंचाळत राहते, तेव्हा प्रश्न रामन यांच्या तारेच्या प्रश्नाजवळ येऊन पोचतो. एकसारख्या वेगाने पुढे सरकणाऱ्या वस्तूतून कंपन जन्माला येते तरी कसे?

धातू कापण्याच्या शास्त्रात हा प्रश्न प्रथम ठळकपणे मांडला तो अमेरिकन अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी. १९०६ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे अध्यक्ष या नात्याने त्यांनी धातुकर्तनाविषयीचा आपला विस्तृत प्रबंध सादर केला. त्यामागे सव्वीस वर्षांचे प्रयोग होते आणि त्या प्रयोगांत आठ लाख पौंडांहून अधिक पोलाद व लोखंड कातून निघाले होते. टूलचा आकार, धातूचा कठीणपणा, कापाची खोली, फीड आणि वेग यांची गणिते टेलर यांनी बसवली. एका गोष्टीपुढे मात्र त्यांनी हात टेकले. टूलच्या थरथरीला, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘चॅटर’ला, त्यांनी यंत्रकारागिरापुढील सर्वांत गूढ आणि नाजूक प्रश्न म्हटले. टूल, जॉब आणि यंत्र या तिघांचा तो एकत्रित परिणाम असल्याने कोणत्याही एका सूत्रात तो बसत नव्हता.

टेलर यांचा प्रबंध आला त्या सुमारास रामन मद्रासमध्ये शिकत होते. १९०७ साली ते सरकारच्या अर्थखात्यात नोकरीसाठी कोलकात्याला आले आणि कचेरीच्या वेळेआधी व नंतर असोसिएशनच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. व्हायोलिनचा गज तारेवरून एकाच दिशेने, एकसारख्या वेगाने सरकतो. तरीही तार सेकंदाला शेकडो वेळा कंपते. राळ लावलेला गज तारेला पकडून आपल्याबरोबर ओढत नेतो; ताण वाढला की तार निसटते; निसटताना घर्षण कमी असते, म्हणून ती झटकन मागे जाते आणि पुन्हा पकडली जाते. वादकाचा हात केवळ ऊर्जा पुरवतो, तिचा ताल ठरवते तार. बाहेरून कोणी ठोका देत नसताना स्वतःच स्वतःला चालू ठेवणाऱ्या अशा हालचालीला स्वयंप्रेरित कंपन म्हणतात.

या कंपनाची गणिती मीमांसा रामन यांनी १९१८ साली असोसिएशनच्या पत्रिकेत विस्ताराने मांडली. मानवी हाताचा दाब आणि वेग मोजणे अशक्य असल्याने त्यांनी यंत्राने वाजणारे व्हायोलिन उभे केले आणि त्यावरील प्रयोग १९२० साली प्रसिद्ध केले. स्वर टिकवण्यासाठी गजाचा किमान दाब किती लागतो हे त्यांनी मोजले. वाद्याच्या लाकडी देहाच्या स्वतःच्या वारंवारतेजवळचा स्वर काढू गेल्यास हा दाब झपाट्याने वाढतो आणि स्वर घोगरा होऊन डळमळतो, याचा त्यांनी अभ्यास केला होता. वादक त्याला ‘लांडगा-स्वर’ म्हणतात. दोष तारेचा नसतो आणि गजाचाही नसतो. तार, गज आणि वाद्याचा देह मिळून जी एक यंत्रणा होते, तिच्यात तो असतो. टेलर यांना कार्यशाळेत अडवणारे कोडेही याच जातीचे होते.

कार्यशाळेतील कोड्याचे पहिले मोठे उत्तर व्हायोलिनच्याच वळणाचे निघाले. १९४६ साली ब्रिटिश अभियंता आर. एन. आर्नल्ड यांनी पोलाद कातताना होणाऱ्या टूलच्या कंपनावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कापण्याचा वेग वाढला की कापण्याला लागणारा जोर कमी होतो, आणि सरकत्या घर्षणाप्रमाणे हा उतरता जोर टूलच्या हालचालीला शमवण्याऐवजी खतपाणी घालतो, असे त्यांनी दाखवले. हे स्पष्टीकरण काही प्रसंगी अचूक होते. पण जोर वेगानुसार फारसा बदलत नाही अशा कापातही चॅटर होत होते. म्हणजे ऊर्जा शिरण्याची आणखी एक वाट होती.

ती वाट १९५० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्लुस्ती आणि ब्रिटनमध्ये एस. ए. टोबायस यांच्या कामातून उलगडली. कापणारा प्रत्येक दात जरासा हलला तरी मागे एक सूक्ष्म लाट कोरून जातो. पुढचा दात कोऱ्या पृष्ठभागावर येत नाही, तो त्या लाटेवर येतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला येणारी चिप क्षणात जाड, क्षणात पातळ होते. जोर त्याप्रमाणे बदलतो. तो दात अधिक हलतो आणि अधिक खोल लाट मागे ठेवतो. पृष्ठभाग जणू आधीच्या कापाची आठवण ठेवतो आणि ती पुढच्या कापाच्या हवाली करतो. यालाच पुनर्जनित चॅटर म्हणतात. कापाची खोली एका मर्यादेखाली असेल तर ही साखळी विझते. मर्यादा ओलांडली की वाढतच जाते.

या सिद्धान्तातून निघालेला निष्कर्ष अनुभवी कारागिरांनाही चकित करणारा होता. जुनी लाट आणि नवी लाट एकमेकींशी तंतोतंत जुळल्या, तर दोन्हींमधील अंतर सर्वत्र सारखे राहते, चिपची जाडी बदलत नाही आणि कंपनाला खाद्य मिळत नाही. दात येण्याची वारंवारता यंत्रणेच्या नैसर्गिक वारंवारतेएवढी, अथवा तिच्या निम्मी किंवा तिसरा हिस्सा असली, की अशी जुळणी घडते. म्हणून स्पिंडलचा वेग आणि कापाची खोली यांचा आलेख काढला, तर त्यात सुरक्षित खोलीचे चढउतार दिसतात. यंत्र ओरडू लागले की वेग कमी करावा, हा कार्यशाळेतील सार्वत्रिक नियम त्यामुळे अर्धसत्य ठरला. कित्येकदा उपाय वेग वाढवण्यात असतो.

भारतात यंत्रे बनवणारी यंत्रे घडवण्याचा उद्योग याच काळात आकार घेत होता. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली आणि तिच्या लेथनी देशभरच्या कार्यशाळांत जागा मिळवली. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, उभी राहिली. १९६२ साली त्याच शहरात चेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने सेंट्रल मशीन टूल इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था सुरू झाली; आज ती सेंट्रल मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. ज्या देशात चॅटरचा सिद्धान्त घडत होता, त्याच देशाची मदत भारताच्या या संस्थेला लाभली. परदेशी आराखड्यावरून यंत्र ओतता येते. ते कोठे आणि का थरथरेल हे समजायला स्वतःचे मोजमाप लागते, ही या संस्थेमागची खरी गरज होती.

दरम्यान यंत्र चालवण्याची रीतही पालटली. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत छिद्रांकित पट्टीवरील आकड्यांनी चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. आजचे सीएनसी राउटर त्याच कुळातले. हाताने चाक फिरवणारा कारागीर आवाज बदलताच नकळत हात सैल करीत असे. आकड्यांवर चालणारे यंत्र मात्र सांगितलेला वेग आणि फीड शेवटपर्यंत पाळते. कानाने होणारे निदान आता प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधीच आकड्यांत करावे लागते.

ते निदान विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. पहिला पुरावा म्हणजे बाहेर पडणारा माल. प्रत्येक दाताच्या वाट्याची चिप किती जाड, हे मिनिटाचे फीड भागिले फेरे गुणिले दातांची संख्या या हिशेबाने कळते. फेरे १५,०००, दात २ आणि फीड मिनिटाला ६,००० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक दात ०.२ मिलिमीटर पुढे जातो. घाबरून फीड फार कमी केले, तर दात कापण्याऐवजी घासू लागतो. लाकडाच्या चिपांऐवजी पिठासारखा भुसा पडतो, कड काळवंडते, अ‍ॅक्रिलिक वितळून बिटाला चिकटते आणि नवी धारही लवकर जाते.

दुसरा पुरावा आवाजाचा. वरील उदाहरणात स्पिंडल सेकंदाला २५० फेरे घेतो आणि दात सेकंदाला ५०० वेळा लागतो. मोबाइलवरील ध्वनी-विश्लेषणाच्या अ‍ॅपमध्ये ५०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील शिखरे दिसली, तर तो दातांच्या ठोक्यांचा साधा आवाज आहे. २५० च्या पटीतील शिखर ठळक असेल, तर बिट मध्यावर फिरत नसून एकच दात अधिक कापत असण्याची शक्यता मोठी. कोलेट काढून साफ करणे हा तेथे पहिला उपाय. परंतु समजा, शिखर ६०० हर्ट्झवर उभे आहे. ही संख्या २५० च्या पटीत बसत नाही. येथे ताल स्पिंडलचा नाही, यंत्रणेचा स्वतःचा आहे, हेच चॅटर. ६०० गुणिले ६० भागिले २ दात, म्हणजे १८,००० फेरे. स्पिंडल त्या वेगाच्या आसपास नेला आणि चिपची जाडी तीच राहावी म्हणून फीड ७,२०० केले, तर तोच काप शांत होण्याचा संभव असतो. अचूक वेग थोडा मागेपुढे करून शोधावा लागतो.

स्पिंडलचा वेग तेवढा वाढवता येत नसेल, तर ताठपणा वाढवावा लागतो. कोलेटबाहेरची बिटाची लांबी दुप्पट झाली, तर तेवढ्याच जोराखाली ते आठपट वाकते; जाडी निम्मी झाली, तर सोळापट. म्हणून बिट जेवढे आत जाईल तेवढे चांगले. पातळ प्लायवूड मधोमध उचलले जात असेल, तर बिट ताठ असूनही जॉबच वाद्याच्या देहासारखा घुमतो. तेथे पकड सुधारावी लागते. कडेला तुसे निघणे आणि वर्तुळ अंडाकृती होणे या मात्र वेगळ्या तक्रारी होत. तुसे बहुधा बिटाच्या पिळाच्या दिशेमुळे निघतात आणि वर्तुळ अक्षांमधील ढिलाईमुळे बिघडते. स्पिंडलचा वेग बदलून त्या सुटत नाहीत.

टेलर यांनी ज्याला गूढ म्हटले, त्याची उकल होण्यास सुमारे अर्धे शतक लागले. कोलकात्यात वाद्यासाठी झालेले काम, ब्रिटनमधील लेथवरचे प्रयोग आणि प्रागचे गणित हे सारे एकाच प्रकारच्या कंपनाचा वेध घेत होते. कडेवर उठलेला वळ हा त्या ज्ञानाच्या प्रकाशात वाचता येणारा लेख आहे. तो न वाचता बिटामागून बिट बदलत राहणे म्हणजे लांडगा-स्वर निघाला म्हणून तारा बदलत बसणे होय.