जिन्याचं दार आपोआप का मिटतं? आणि त्याला वीट लावली तर काय होतं?

उंच इमारतीत राहणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. लिफ्टच्या लॉबीतून जिन्याकडे जाणारं जड दार, त्यावर 'फायर डोअर, बंद ठेवा' अशी पाटी आणि त्याच पाटीखाली दार उघडं राहावं म्हणून लावलेली वीट. कुठे विटेऐवजी कुंडी असते, कुठे दार दोरीने रेलिंगला बांधलेलं असतं.

ठाकुर्लीत हा प्रश्न तसा नवा आहे. स्टेशनजवळच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींमध्ये असं दारच नव्हतं. ९० फुटी रस्त्याच्या पट्ट्यात टॉवर उभे राहिले आणि त्यांच्यासोबत ही आपोआप मिटणारी दारं आली. ती कशासाठी आहेत हे मात्र राहायला आलेल्यांना क्वचितच कुणी समजावून सांगितलं.

उंच इमारतींच्या आगीची चर्चा का?

२०२४ मध्ये कल्याण-डोंबिवली पट्ट्यात दोन बहुमजली इमारतींना आग लागली. एक खोणी-पलावा भागात, दुसरी कल्याण पश्चिमेच्या आधारवाडी परिसरात. त्यानंतर शिडीची गाडी कितव्या मजल्यापर्यंत पोहोचते, पाण्याचा दाब पुरतो का, असे प्रश्न विचारले गेले. ते योग्यच होते. पण अग्निशमन दल पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटं रहिवाशांची स्वतःची असतात. त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. खाली उतरायला एकच वाट उरते, ती म्हणजे जिना. तो धुराने भरला की ती वाटही बंद होते.

जुन्या इमारतीत चालत होतं, मग आता दार कशाला?

जुन्या चाळीत किंवा चार मजली इमारतीत जिना बहुतेक वेळा मोकळा असतो. बाजूला जाळी असते, कठडा असतो, समोर गॅलरी असते. खालच्या घरात आग लागली तरी बराचसा धूर बाहेर निघून जातो. मजलेही कमी असल्याने माणसं लवकर खाली पोहोचतात.

टॉवरची रचना वेगळी असते. अनेक टॉवरमध्ये जिना आणि लिफ्ट इमारतीच्या मध्यभागी असतात आणि चारही बाजूंनी घरं असतात. गरम हवा वर जाते, हे आपण शाळेत शिकलो. चहूबाजूंनी बंद असलेला २० मजल्यांचा उभा जिना म्हणजे धुरासाठी तयार धुराडंच. तिसऱ्या मजल्यावरचा धूर जिन्यात शिरला की थोड्याच वेळात वरचे मजले काळोखात जातात.

आगीतले बहुतेक मृत्यू भाजून होतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात धूर जास्त जीव घेतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू असतात. माणूस काही श्वासांत गोंधळतो, त्याला वाट दिसेनाशी होते आणि तो बेशुद्ध पडतो. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळाच्या पार्किंगमध्ये आग लागली होती. धूर वर चढत गेला आणि झोपेत असलेल्या वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना त्याने गाठलं. त्या दुर्घटनेत किमान ७ जणांचा जीव गेला.

फायर डोअर नेमकं काय करतं?

हे दार आग विझवत नाही, ते वेळ मिळवून देतं. ठरावीक मिनिटं आग आणि धूर अडवून धरेल अशी त्याची चाचणी झालेली असते. ही मुदत ३०, ६०, ९० किंवा १२० मिनिटं अशी मोजली जाते. राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत, १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत 'उंच इमारत' मानली आहे. धूर वर खेचला जाण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी, विशेषतः जिना आणि लिफ्ट लॉबीच्या तोंडाशी, १२० मिनिटांची दारं असावीत असं ही संहिता सांगते.

दाराच्या कडेला एक पातळ पट्टी बसवलेली असते. उष्णता वाढली की ती फुगते आणि दार व चौकटीमधली फट बुजवते. म्हणून रंगकाम करताना ही पट्टी रंगाने लिंपायची नसते आणि सैल झाली तर काढून टाकायची नसते.

या सगळ्याला एकच अट आहे. दार मिटलेलं हवं. १२० मिनिटांचं महागडं दार विटेने उघडं ठेवलं, तर ते आगीच्या वेळी एक मिनिटही उपयोगाचं नाही. धावपळीत दार ओढून घ्यायचं भान कुणाला राहत नाही, म्हणून ते आपोआप मिटणारं असतं. काही इमारतींत जिन्यात पंख्याने हवेचा दाब वाढवून धूर बाहेर ठेवण्याची यंत्रणा असते. तीही दारं मिटलेली असतील तरच नीट चालते.

एक उघडं दार किती महागात पडतं?

याचं सर्वात ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. ९ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या ब्राँक्स भागातल्या १९ मजली इमारतीत विजेच्या हीटरमुळे एका घरात आग लागली. ज्वाला त्या घरापुरत्या आणि बाहेरच्या पॅसेजपुरत्याच राहिल्या. तरीही १७ जणांचा मृत्यू झाला, त्यात ८ मुलं होती. घरातली माणसं बाहेर पडली, पण त्यांच्यामागे घराचं दार मिटलं नाही. १५ व्या मजल्यावरचं जिन्याचं दारही उघडं राहिलं. दोन्ही दारं आपोआप मिटायला हवी होती. या दोन दारांमुळे धुराला इमारतभर वाट मिळाली.

१४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ जणांचे प्राण गेले. आग पसरण्याचं मुख्य कारण इमारतीवरचं ज्वलनशील बाह्य आवरण होतं. पण चौकशीच्या पहिल्या अहवालाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. अनेक घरांच्या मुख्य दारांना मिटवणारी यंत्रणा नव्हती किंवा ती बिघडलेली होती. त्यामुळे लॉबी आणि जिना धुराने भरायला मदत झाली. त्यानंतर इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून नवे नियम आले. ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत सामाईक जागेतली फायर डोअर दर तीन महिन्यांनी तपासायची आणि घरांची मुख्य दारं वर्षातून एकदा तपासण्याचा शक्य तितका प्रयत्न करायचा, असं बंधन घातलं गेलं.

मग लोक दार उघडं का ठेवतात?

बेफिकिरी हे एकच कारण नाही. त्रास खरा असतो आणि तो रोजचा असतो.

दार जड असतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना, हातात बाळ असलेल्या आईला, गॅस सिलिंडर किंवा पाण्याचा जार खांद्यावर घेतलेल्या माणसाला ते ढकलणं अवघड जातं. व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला तर दुसऱ्याच्या मदतीशिवाय पलीकडे जाताच येत नाही. मजल्यामजल्यावर कचरा गोळा करणाऱ्या कामगाराला तेच दार दिवसातून अनेकदा उघडावं लागतं.

दुसरी तक्रार आवाजाची. रात्री कुणी उशिरा आलं की दार धाडकन आदळतं आणि शेजारचं लहान मूल जागं होतं. तिसरी हवेची. दार मिटलं की लॉबीत कोंदट होतं, वीज गेली की अंधार होतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीला घासतं, बिजागऱ्या गंजतात आणि मग ते उघडायलाही जोर लागतो, मिटायलाही.

म्हणून नुसती पाटी लावून किंवा दंडाची सूचना काढून फारसा फरक पडत नाही. आज वीट उचलली तर उद्या कुंडी येते. वापरायला त्रासदायक असलेलं दार फार काळ मिटलेलं राहत नाही. त्रास कमी केला तरच सुरक्षितता टिकते.

त्रास कमी कसा करायचा?

पहिला उपाय बहुतेक वेळा स्क्रू-ड्रायव्हरने होतो. दाराच्या वरच्या बाजूला डोअर क्लोजर असतो. त्यात स्प्रिंग आणि तेल असतं. त्यावरच्या छोट्या स्क्रूंनी दोन वेग ठरवता येतात. एक, दार किती वेगाने मिटावं. दुसरा, शेवटच्या काही इंचांत ते किती जोराने चौकटीत बसावं. दार आदळत असेल तर अनेकदा हे स्क्रू नीट लावले की आवाज थांबतो. क्लोजरमधून तेल गळत असेल तर मात्र तो बदलावाच लागतो.

दुसरा मुद्दा ताकदीचा. क्लोजर दाराच्या रुंदी आणि वजनाप्रमाणे निवडायचा असतो. गरजेपेक्षा ताकदीचा बसवला तर दार उघडणं कठीण होतं, कमी ताकदीचा बसवला तर ते पूर्ण मिटत नाही. इंग्लंडच्या मार्गदर्शक नियमांत दार उघडायला सुरुवातीला ३० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये असं म्हटलं आहे. म्हणजे साधारण ३ किलो वजन उचलण्याइतका. आपल्या इमारतीतलं दार एखाद्या वृद्ध व्यक्तीला एका हाताने उघडतं का, हे पाहिलं तरी अंदाज येतो.

तिसरा उपाय सतत वर्दळीच्या दारांसाठी. अशी दारं चुंबकाने उघडी धरून ठेवता येतात. भिंतीतला विद्युत चुंबक दाराला धरून ठेवतो आणि फायर अलार्म वाजला की सोडून देतो. दार आपोआप मिटतं. वीज गेली तरी ते मिटतं आणि तसंच व्हायला हवं. पण इमारतीचा अलार्मच बंद असेल तर या चुंबकावर विसंबता येत नाही. त्यामुळे आधी अलार्म दुरुस्त करायचा, मग चुंबक बसवायचा. खर्चामुळे प्रत्येक मजल्यावर हे शक्य नसलं, तरी तळमजला आणि पार्किंगकडून येणाऱ्या दारांसारख्या निवडक ठिकाणी त्याचा विचार करता येतो.

दारात आगीला टिकणाऱ्या काचेची छोटी खिडकी असली तर पलीकडून कोण येतंय ते दिसतं आणि टक्कर टळते. कोंदट लॉबीसाठी दार उघडं ठेवण्यापेक्षा हवा खेळण्याची वेगळी सोय करणं बरं.

घराच्या मुख्य दाराचं काय?

इथे वेगळीच भीती असते. दार आपोआप मिटलं आणि लॅच लागलं तर? आत लहान मूल, गॅसवर दूध आणि चावीही आतच. ही भीती रास्त आहे. पण आपोआप मिटणं आणि आपोआप कुलूप लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून मुठीने उघडता येईल आणि चावी फिरवल्यावरच बंद होईल असं कुलूप बसवलं तर क्लोजर असूनही बाहेर अडकण्याची वेळ येत नाही. जाळीचं सेफ्टी डोअर चोरापासून वाचवतं, धुरापासून नाही.

क्लोजर नसेल तरी एक सवय फुकट आहे. घरात आग लागली तर सगळे बाहेर पडल्यावर दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. त्यानंतर १०१ वर फोन करायचा.

मिटलेलं म्हणजे कुलूपबंद नव्हे

चोरीच्या भीतीने काही सोसायट्या जिन्याच्या दारांना कुलूप लावतात. हे उघड्या दाराइतकंच धोकादायक आहे. बाहेर पडण्याचं दार आतल्या बाजूने चावीशिवाय उघडलं पाहिजे, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. दारापुढे सायकल, चपलांचं रॅक किंवा जुनं कपाट ठेवलं तर तेही कुलपासारखंच काम करतं.

जबाबदारी कुणाची?

बिल्डर इमारत देऊन गेला की दारांची जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे, तिथे अग्निसुरक्षेच्या उपाययोजना चालू स्थितीत ठेवणं हे मालक किंवा भोगवटादाराचं काम आहे. गृहनिर्माण सोसायटीत हे काम समितीकडे येतं. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यावं लागतं.

जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीची मातृकृपा इमारत कोसळून ९ जणांचा मृत्यू झाला होता. 'स्ट्रक्चरल ऑडिट' म्हणजे काय, हे इथल्या रहिवाशांना वेगळं सांगावं लागत नाही. आगीच्या तपासणीबद्दल मात्र पंप, पाइप आणि लाल सिलिंडर यांच्यापलीकडे फारसं बोललं जात नाही. तपासणीला आलेल्या एजन्सीने प्रत्येक मजल्यावरचं दार पाहिलं का, हे सभासद समितीला विचारू शकतात.

पाच मिनिटांत स्वतः काय तपासाल?

- दार पूर्ण उघडून सोडा. मग थोडंसंच उघडून सोडा. दोन्ही वेळा ते स्वतःहून मिटून चौकटीत नीट बसायला हवं.
- मिटल्यावर दार आणि चौकटीतली फट सगळीकडे सारखी आणि साधारण ३ ते ४ मिलिमीटरच आहे का, ते पाहा.
- क्लोजरमधून तेल गळतंय का, बिजागऱ्या सैल किंवा गंजलेल्या आहेत का, कडेची पट्टी शाबूत आहे का, यावर नजर टाका.
- आतल्या बाजूने दार चावीशिवाय उघडतं का, ते करून पाहा.
- दाराखाली वीट असेल तर ती उचलण्याआधी त्या मजल्यावरच्या लोकांना विचारा की ती का ठेवली. दार जड आहे, आदळतं की कोंदट होतं?

या शेवटच्या प्रश्नाची मजलावार उत्तरं पुढच्या सोसायटीच्या सभेत मांडली, तर कुठे क्लोजरचा स्क्रू फिरवायचा, कुठे क्लोजर बदलायचा आणि कुठे चुंबकासाठी पैसे काढायचे, हे ठरवणं सोपं जाईल. ही दुरुस्ती झाली की मगच पाटीवरच्या 'बंद ठेवा' या सूचनेचा उपयोग होईल.